रांजणातले गाणे

एका राज्यात राजगायकाचा मान मोठा होता, पण राजश्रोत्याचा मान त्याहून मोठा होता.

त्या राज्यात गाणारा राजाकडे तोंड करून बसत नसे. सभेच्या मधोमध गालिचा अंथरलेला असे. त्याच्या एका टोकाला गाणारा बसे आणि दुसऱ्या टोकाला ऐकणारा. राजाचे सिंहासन बाजूला. ऐकणाऱ्याचे आसन साध्या कांबळ्याचे. गाणे उठे, वळसे घेई, दूर दूर जाई आणि फिरून समेवर येई. सम म्हणजे तालाचे घर. गाणे कितीही भटकले तरी शेवटी ज्या मात्रेवर परतते, ती सम. गाणे घरात शिरले की राजश्रोता उजव्या हाताचे बोट उचली. मग सभा मान डोलावी, आणि मग राजा "वाहवा" म्हणे. बोट वर जाण्याआधी कुणी ओठ उघडायचे नाहीत. राजानेसुद्धा नाही. रिवाज फार जुना होता. इतका जुना, की तो का आहे हे विचारायचे लोक विसरले होते.

राजाचे नाव अजितवर्मा. राजगायकाचे नाव पद्माकर. आणि श्रोत्याच्या कांबळ्यावर बसे ती पद्माकराची बायको कमळजा.

ते आसन तिला बापाकडून आले होते. ती लहान असताना बाप तिला विहिरीवरच्या रहाटापाशी नेऊन बसवी. रहाटाची गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिती होत आणि पुन्हा पाण्यात जात. बाप म्हणे, "डोळे मीट. गाडगे रिते होईल तेव्हा बोट उचल. आधी नाही, नंतर नाही. होईल तेव्हाच." ती चुके, पुन्हा बसे, पुन्हा चुके. असे करता करता ती थांबायला शिकली. त्या घराण्याची विद्या एवढीच होती.

एके वर्षी राणी सुलक्षणा वारली. राजा रडला नाही. चिता विझली, तरी रडला नाही. दिवस झाले, तरी रडला नाही. त्याचे डोळे भाजलेल्या विटेसारखे कोरडे पडले. राजवैद्य म्हणाला, "पाणी आत साचते आहे. असे साचत राहिले तर महाराज फुटतील." म्हणून पद्माकराला बोलावणे गेले.

पद्माकर गायला बसला. त्याने राणीचे नाव घेतले नाही, मरणाचे नाव घेतले नाही. त्याने नुसता एक स्वर लावला आणि तो वळवत वळवत खाली नेला, जसे कुणी हाताला धरून पायऱ्या उतरवावे. गाणे दूर गेले. दूर जाऊन परतू लागले. आणि राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

राजाला असे सुख कधी झाले नव्हते. आणि त्या सुखासरशी त्याला भीतीही वाटली, की आता हे जाईल! समेला अजून दोन मात्रा होत्या. राजा दोन्ही हात पुढे करून ओरडला,

"वाहवा!"

राजा ओरडला म्हणून प्रधान ओरडला, प्रधान ओरडला म्हणून सभा ओरडली. एवढ्या गलक्यात कमळजेचे बोट, राजाचा मान राखायला म्हणून, आपसूक वर गेले. पद्माकर थांबला. पायरी उतरायला पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसा थांबला.

सिंहासनामागे तमालक नावाचा जादूगार उभा असे. तो पुढे आला. त्याच्या काखेत काळ्या दगडाचा एक लहानसा रांजण होता.

"महाराज, धरून ठेवू?"

"धर," राजा म्हणाला.

तमालकाने रांजणाचे तोंड गाण्याकडे केले. गाणे अजून घरी पोचले नव्हते, वाटेवरच होते. बेवारशी वासरू दावणीला बांधावे तसे त्याने ते आत घेतले आणि वर झाकण ठेवले. पद्माकराने बोलायला तोंड उघडले. आवाज आला नाही. त्याने उठायला पाय हलवला. पाऊल हलले नाही. त्याची दोन्ही पावले काळा दगड झाली होती.

दुसऱ्या दिवशी तमालकाने झाकण जरा सरकवले. रांजणातून तेच गाणे आले. केसाचाही फरक नाही. राजा रडला. तिसऱ्या दिवशी थोडे कमी रडला. पुढे डोळे नुसते ओले झाले, पुढे तेही नाही. तरी राजा रोज झाकण उघडवी, रोज त्याच जागी "वाहवा" म्हणे आणि सभा त्याच्या मागून म्हणे.

पण झाकण उघडले की रांजण एकीकडे गाणे देई आणि दुसरीकडे गाणी ओढून घेई. आधी कोकीळ गेली. चोच उघडून आंब्यावर बसून राहू लागली. मग जात्यावरच्या ओव्या गेल्या. बायकांना शब्द आठवत, चाल आठवेना. देवळातली घंटा वाजवली तर मातीचा गोळा पडल्यासारखी वाजू लागली. अंगाई गेली, आणि उभ्या राज्यातली पोरे निजेनात. माणसे चिडखोर झाली. बाजारात कुणी कुणाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेईना. एकाचे वाक्य अर्धे असतानाच दुसरा उत्तर देऊ लागे.

राजा तमालकाला म्हणाला, "मला रडू येत नाही. तुझे गाणे आटले."

तमालक म्हणाला, "गाणे आटले नाही. झाकण थोडेच उघडतो, म्हणून अपुरे येते. राणीसाहेबांच्या वर्षश्राद्धाला झाकण काढून फेकून देऊ. मग पुरते येईल. मात्र मग राज्यातले प्रत्येक गाणे रांजणात जाईल आणि राहील. आणि गायकाचा पुरता दगड होईल."

"होऊ दे," राजा म्हणाला.

कमळजेने हे ऐकले. ती राजवाड्याच्या मागच्या कठड्यापाशी गेली आणि पदर तोंडात धरून रडू लागली. कठड्यावर एक काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी बसला होता.

"रड, रड," पक्षी म्हणाला. "राजाला येत नाही. तुला तरी येते."

"तू कसा बोलतोस? सगळे पक्षी तर मुके झाले."

"मुके व्हायला आधी स्वतःचे काही असावे लागते, बाई. मी कोतवाल. शिक्र्याची शीळ, मांजराचे म्यांव, साळुंकीची बडबड, माझ्याकडे सगळा चोरीचा माल. रांजणाने माझी झडती घेतली. माझे असे काही सापडले नाही. सोडून दिले."

"नावाचा कोतवाल आणि धंदा चोराचा?"

"दरबाराच्या शेजारी राहतो. दुसरे काय शिकणार?" कोतवालाने शेपटी झटकली. "आता डोळे पूस आणि ऐक. तुझे तेच काम आहे म्हणतात. प्रत्येक जादूला एक फट असते. ती कोणती असे भर सभेत विचारले, तर जादूगाराला खरे सांगावे लागते. खोटे बोलला तर जादू जाते."

कमळजा सभेत गेली. पद्माकर गालिच्यावर तंबोरा मांडीशी घेऊन बसला होता. तो तिच्याकडे बघत होता. बघण्यावाचून त्याच्याकडे काही उरले नव्हते.

"तमालका," ती म्हणाली, "या रांजणाची फट कोणती?"

तमालकाचा चेहरा उतरला. पण त्याला सांगावे लागले.

"त्या दिवशीच्या गाण्यातले एक काही या रांजणात मावले नाही. ते आण आणि यात घाल. रांजण फुटेल. तीनदा आणता येईल. चुकीचे आणलेस, तर दर वेळी तुझ्या नवऱ्याचा दगड वर चढेल."

"ते काय आहे?"

"मला ठाऊक असते तर मीच नसते का आत घातले?"

कमळजेने विचार केला. गाणे म्हणजे काय? आवाज. रांजणात त्या दिवसाचा आवाज आहे. पण त्याआधी पद्माकर उभा जन्म गात होता, तो आवाज कुठे आहे?

कोतवाल म्हणाला, "वाऱ्याच्या डोंगरात एक गुहा आहे. जगात झालेला प्रत्येक आवाज तिथे जाऊन फिरत राहतो. पण आत गेल्यावर हूं की चूं करू नकोस. केलेस तर तुझा आवाज तिथला, आणि तू बाहेर मुकी."

कमळजा शंख घेऊन गुहेत शिरली. आत काळोख नव्हता. आवाजांची इतकी दाटी होती की उजेडालाच वाट काढावी लागत होती. लढायांच्या आरोळ्या होत्या, बाळंतिणींचे कण्हणे होते, फुटलेल्या भांड्यांचा खणखणाट होता. राणी सुलक्षणेचे हसू कानाजवळून गेले. आणि मग, अगदी मागून, तिच्या मेलेल्या बापाचा आवाज आला.

"कमळजे, आले का गं गाडगे?"

"आले" हा शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. तिने ओठ असा चावला की रक्त हनुवटीवर आले. बापाने पुन्हा विचारले. पुन्हा विचारले. ती रडत उभी राहिली आणि उत्तर दिले नाही. तेवढ्यात दूरवरून पद्माकराचा आवाज आला, कोवळा, पहाटेच्या मेहनतीचा, एकच स्वर घासून घासून लख्ख केलेला. तिने शंख पुढे केला. आवाज आत शिरला.

सभेत येऊन तिने तो शंख रांजणात ओतला. सगळे बघत राहिले. रांजणाने एक घोट घ्यावा तसा आवाज केला, बस्स.

"मावले," तमालक म्हणाला.

पद्माकराचा दगड कमरेपर्यंत चढला.

कमळजा कोतवालाला म्हणाली, "चुकले. राजा आवाजाने रडला नव्हता. आवाज तर भांडी पडल्यावरही होतो. गाण्यात दुःख होते, म्हणून तो रडला."

"मग दुःख आण," कोतवाल म्हणाला. "त्याला काय तोटा!"

राज्याच्या कडेला एक तळे होते. माणसांचे दुःख मुरत मुरत शेवटी त्या तळ्यात येई. तळ्यावर एक यक्षीण राही. तिचे केस पाण्यात पसरलेले असत आणि ती कधी हसत नसे.

"घागर भरून ने," यक्षीण म्हणाली. "पण आधी तुझे दुःख यात घाल. रिकाम्या हाताने इथून कुणी पाणी नेत नाही."

कमळजा तळ्याकाठी बसली. तिने नवऱ्याचे मुके तोंड आठवले. आपले वर गेलेले बोट आठवले. ती इतकी रडली की तळ्याचे पाणी तिच्या पावलांना लागले. रडताना तिला सुख झाले नाही. हलके वाटले नाही. घागर भरली तेव्हा यक्षीण म्हणाली,

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"माझ्या तळ्यावर कुणी दुसऱ्यांदा येत नाही. एकदा येतात, ते पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तुझ्या नवऱ्याच्या गाण्यातही दुःखच होते म्हणतेस. मग लोक तिथे पुन्हा पुन्हा का जात?"

कमळजा घागर डोक्यावर घेऊन निघाली. पण वाटेवर प्रत्येक पावलागणिक तो प्रश्न घागरीतल्या पाण्यासारखा हिंदकळत राहिला. स्वतःचे दुःख माणसाला नको असते. मग गाण्यातले दुःख हवेसे का होते? ते कुणाचे असते? पद्माकराचे म्हणावे, तर तो त्या दिवशी दुःखी नव्हता, सकाळीच आमटीत मीठ कमी म्हणून तिला चिडवून गेला होता. राजाचे म्हणावे, तर मग प्रधान का गलबलला? भालदार का गलबलला? तिला दारातच वाटले, ही घागर चुकीची आहे. पण मागे वळायला वेळ नव्हता. वर्षश्राद्ध दुसऱ्या दिवशी होते.

तिने घागर ओतली. रांजणाने आवाजसुद्धा केला नाही.

"मावले," तमालक म्हणाला, आणि हसला.

दगड पद्माकराच्या गळ्यापर्यंत आला. आता फक्त चेहरा उरला, आणि चेहऱ्यात डोळे.

वर्षश्राद्धाची सकाळ झाली. राजवाड्यात पाने मांडण्याची घाई चालली होती. कमळजा गावाबाहेर, बापाच्या त्या विहिरीवर जाऊन बसली. रहाट फिरत होता, पण करकरत नव्हता. त्याची करकरही रांजणाने नेली होती. गाडगी मुकाट्याने वर येत होती, मुकाट्याने रिती होत होती. तिच्या हातात काही नव्हते. तिसरी खेप उरली होती, आणि सूर्य वर चालला होता.

कोतवाल येऊन रहाटाच्या लाकडावर बसला.

"तोंड असे पाडून बसलीस तर गाडगी आंबतील," तो म्हणाला. "थांब, दयाळ पक्ष्याची नक्कल करून दाखवतो. बिचारा स्वतः गाऊ शकत नाही हल्ली."

त्याने दयाळाची शीळ घातली. हुबेहूब दयाळ! वर चढली, गिरकी घेतली, खाली येऊ लागली. आणि कमळजा, किती दिवसांत केले नव्हते ते करू लागली. तिने डोळे मिटले. शीळ कुठे उतरते आहे त्याची ती वाट पाहू लागली. गाडग्याची पाहायची तशी. आधी नाही, नंतर नाही.

शीळ संपायच्या जागी आली आणि संपली नाही. तिने आणखी एक वळण घेतले, लहानसे, थरथरते. मग ती खाली बसली. कमळजेचे बोट उठले.

कोतवाल दचकला.

"हे दयाळाचे नव्हते," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे कुणाचेच नाही. मी कुठून चोरले हे?"

"चोरले नाहीस."

"मग माझ्या चोचीत आले कुठून? बाई, खरे सांगतो, माझ्याकडे नव्हते. तू वाट पाहत होतीस. तू तशी डोळे मिटून बसली नसतीस, तर मी नेहमीच्या जागी थांबलो असतो."

कमळजा उभी राहिली.

"कोतवाला, त्या दिवशी समेआधी दोन मात्रा राजा ओरडला. गाणे रांजणात गेले. पण आम्ही सगळे ज्याची वाट पाहत होतो, ते अजून झालेच नव्हते. जे झाले नाही ते धरणार कसे? रांजणात आवाज आहे, दुःख आहे. आमचे वाट पाहणे नाही. ते बाहेरच राहिले."

"मग ते कशात भरून नेशील? शंखात की घागरीत?"

"कशातच नाही. तुझ्या दोन्ही टोमण्यांना आज सुट्टी दे आणि चल."

"मी कशाला?" कोतवाल म्हणाला, आणि एकदम त्याच्या लक्षात आले. त्याने पंख अंगाशी घट्ट धरले. "आता माझ्याजवळ एक वळण आहे, बाई. स्वतःचे. आज झाकण निघाले तर रांजण तेही नेईल."

"मग नको येऊस."

कोतवालाने पंख सैल सोडले. "नाही आलो तरी नेईलच," तो म्हणाला. "निदान ऐकायला तरी मिळेल." आणि तो तिच्या खांद्यावर बसला.

ती सभेत पोचली तेव्हा तमालकाचा हात झाकणावर होता.

"तिसरे आणलेस?"

"आणले."

"दाखव."

"तू झाकण काढ. मग दाखवते."

तमालकाने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि त्याला आनंद झाला. कमळजा गालिच्याच्या टोकाला गेली. तिने आपले कांबळे झटकले आणि बसली. समोर पद्माकर. मग ती राजाकडे वळली.

"महाराज, एक मागणे आहे. आज वाहवा म्हणू नका."

भालदारांचे भाले पुढे आले. राजा म्हणाला, "मी राजा आहे."

"म्हणूनच, महाराज. आपण म्हणालात की सगळे म्हणतात, आणि मग कुणालाच ऐकू येत नाही."

"कुठवर गप्प राहू?"

"माझे बोट वर जाईपर्यंत."

तमालक घाईने म्हणाला, "महाराज, राजाच्या तोंडावर हात ठेवणारी ही कोण?"

राजाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने कमळजेला विचारले, "गप्प राहिलो तर रडू येईल?"

"ठाऊक नाही, महाराज."

इतके दिवस राजाला सगळ्यांनी 'हो' म्हटले होते. त्याने हात वर केला. भाले मागे गेले.

तमालकाने झाकण उचलले आणि खिडकीबाहेर फेकून दिले.

सभेत वारा सुटला. चारी बाजूंनी राज्यात उरलीसुरली गाणी धावत आली आणि रांजणाच्या तोंडात शिरू लागली. गुराख्याची हाक, टाळाची किणकिण, म्हातारीच्या ओठांवरचे गुणगुणणे. दगड पद्माकराच्या हनुवटीवर चढला. कोतवालाच्या चोचीतून ते लहानसे वळण धाग्यासारखे बाहेर ओढले जाऊ लागले. त्याने कमळजेच्या खांद्यात नख्या रोवल्या.

आणि रांजणातून गाणे आले. तोच स्वर. तीच पायऱ्यांची वाट. गाणे दूर गेले. दगड पद्माकराच्या ओठांवर आला. गाणे वळले. दगड नाकावर आला. गाणे परतू लागले. आता डोळे तेवढे उरले. कमळजेने त्या डोळ्यांत पाहिले, आणि आपले डोळे मिटले. ती थांबली. गाडगे वर येत होते.

ती जागा आली. सवयीने राजाचे ओठ उघडले. सभेचे ओठ उघडले. राजाने शेला तोंडात कोंबला.

रांजणातले गाणे तुटले. त्याच्यापाशी पुढचे नव्हतेच.

पहिली मात्रा रिकामी गेली. सभेत कुणी श्वास घेतला नाही.

तेव्हा तमालकाला कळले. "वाहवा" म्हणून सारे मोडावे म्हणून त्याने तोंड उघडले. पण शब्द निघाला नाही. गाणे नेहमी गलक्यात बुडून जाई, या जागेची शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती. पुढे काय होते ते त्यालाही आता हवे होते. त्याची मान आपोआप पुढे झुकली.

दुसरी मात्रा रिकामी गेली.

आणि सम आली. रांजणातून आली नाही, पद्माकराच्या गळ्यातून आली नाही. कमळजेचे बोट उठले आणि त्याच क्षणी, कुणी न सांगता, सगळ्यांच्या माना एकदम खाली आल्या. प्रधानाची, भालदाराची, दाराशी उभ्या पाणक्याची, तमालकाची. राजाची. इतका वेळ धरलेला श्वास सगळ्या सभेने एकदम सोडला, आणि ज्या घराची वाट गाणे वर्षभर शोधत होते ते घर त्याला सापडले.

रांजणात आवाज मावला होता. दुःख मावले होते. हे मावले नाही. रांजण तळापासून काठापर्यंत उलला आणि त्याचे तुकडे गालिच्यावर पडले.

आधी कोतवालाचे वळण परत त्याच्या चोचीत गेले. मग अंगाया बाहेर पडल्या, मग ओव्या, मग घंटांचे नाद, आणि शेवटी रहाटाची करकरसुद्धा. बाहेर आंब्यावर कोकीळ ओरडली, जणू तिचे वाक्य अर्धे राहिले होते. पद्माकराच्या अंगावरून दगड वाळूसारखा ओघळला. त्याने घसा खाकरला.

"कमळजे," तो म्हणाला, "आज वेळेवर उचललेस."

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "दोन मात्रा खाल्ल्यात, त्याचे काय?" आणि तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची वाळू झटकली.

राजाला रडू आले की नाही, ते कुणाला दिसले नाही. त्याने मान जी खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. वर केली तेव्हा त्याने राणीचे नाव घेतले, सुलक्षणा, वर्षात पहिल्यांदा. मग तो पद्माकराला म्हणाला,

"तेच गाणे पुन्हा गाशील?"

"तेच येणार नाही, महाराज."

"मग येईल ते गा," राजा म्हणाला. "मी थांबेन."

पुढे राज्याची घडी बसली. पोरे निजू लागली. बाजारात लोक दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देऊ लागले, निदान भाव ठरेपर्यंत तरी. तमालकाची जादू त्याची मान झुकली तेव्हाच गेली होती. राजाने त्याला शिक्षा अशी दिली, की त्याने रोज सभेत शेवटच्या रांगेत बसावे आणि ऐकावे. पहिले काही महिने ती शिक्षा होती. कोतवाल अजूनही कठड्यावर बसून साऱ्या पाखरांच्या नकला करतो, पण मधेच एक वळण असे घेतो, की कुणाचे ते ओळखू येत नाही. विचारले तर म्हणतो, "हे चोरीचे नाही. जा, कुठेही चौकशी करा."

आणि त्या राज्यात आता लहान मुलांनाही ठाऊक असते, की बोट वर जाईपर्यंत वाहवा का म्हणायची नाही.

इथे कहाणी समेवर आली. बोट ज्याचे त्याने उचलावे.